‘मिश्र शाळांत मुलांचे खेळ मेले’? टाइम प्लीज!

सध्या फिरणारा दावा असा: शहरी शाळांत पाच-दहा भाषांची मुलं एकत्र आली आणि मराठी मुलांचे खेळ, गाणी संपली. या खेळांचा अभ्यास करायचाच तर खेड्यात जा, तिथे सगळं अजून शुद्ध आहे.

आधी ‘शुद्ध’चं बघू. ‘डबा ऐसपैस’मधलं ऐसपैस म्हणजे इंग्रजी ‘आय स्पाय’. ‘टाइम प्लीज’ कुठून आलं ते सांगायलाच नको. खेड्यातली पोरंही हेच ओरडतात.

‘संपली’ म्हणावं, तर 2009 ते 2011 या काळात लंडनमधल्या एका बहुभाषिक शाळेत आणि शेफील्डमधल्या एका शाळेत अभ्यास झाला. टाळ्यांचे खेळ दोन्हीकडे जिवंत सापडले. मोडते ती जुनी नोंदपद्धत. मुलांचे खेळ नि बोली टिपणाऱ्या ओपी या ब्रिटिश अभ्यासक दांपत्याने 1959 साली सुमारे 70 शाळांतल्या 5000 मुलांच्या माहितीवरून दाखवलं होतं की, खेळ थांबवायचा शब्द ब्रिटनमध्ये भागागणिक बदलतो: कुठे ‘बार्ली’, कुठे ‘किंग्ज’. एकाच मैदानात तीन शब्द चालत असतील तर असा नकाशा काढणार कसा? तिथे शाळा हे एकक सोडून खेळणारा गट धरावा लागतो.

तिसरा मुद्दा भाषावार याद्यांचा, म्हणजे प्रत्येक भाषेच्या मुलांचे शब्द वेगवेगळ्या यादीत टाकण्याचा, आणि खरी गफलत इथेच होते. ज्या लहानग्यावर राज्य येत नाही तो आपल्याकडे कच्चा लिंबू किंवा लिंबूटिंबू, बंगाली मुलांत ‘दुधभात’. दोघं एकत्र खेळली की कुठला शब्द टिकला, तो कोणी आणला, बाकीच्यांनी का उचलला, हाच तर अभ्यासाचा ऐवज. हजेरीपटावरच्या आडनावावरून भाषा ठरवलीत तर तो हातचा गेला. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: कोण खेळलं, कोणाकडून शिकलं, कुठे (शाळा, चाळ, आजोळ, यूट्यूब), घरी काय बोलतात.

वर्गात बाईंसमोर ‘तुमच्या भाषेतलं गाणं म्हण’ असं विचारू नये. मूल पाठ्यपुस्तकातली कविता म्हणतं, नाहीतर ‘आमच्यात नाही’ म्हणून मोकळं होतं. मधल्या सुट्टीत, खेळ चालू असताना टिपावं. पालकांची लेखी आणि मुलाची स्वतःची परवानगी आधीच घेऊन. निरर्थक वाटणारे शब्द मराठीत ‘सुधारू’ नयेत, ऐकू आले तसेच लिहावेत. आणि निव्वळ आवाज पुरत नाही, व्हिडिओ हवा: गाण्याचे बोल बदलले तरी टाळ्यांचा क्रम तोच राहिला का, हे त्यातच दिसतं.