चालता सर्व्हर बंद कसा पाडावा

सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे तुमची वेबसाइट ज्या भाषेत लिहिली आहे ती, अपग्रेड करायचं ठरवलंत? उत्तम. मुहूर्त शुक्रवारी संध्याकाळचा धरा, शनिवार-रविवार हाताशी राहतो. बॅकअप घेऊ नका. परतीची वाट उघडी असली की माणूस मन लावून काम करत नाही.

उडी आवृत्ती ५.६ वरून थेट ८ वर मारा. ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ अखेर थांबल्या, तेव्हापासून कळ काढलीत, आता दोन आवृत्त्यांमधले बदल वाचत बसायला वेळ कुणाला आहे? मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स २०१५ साली आलेल्या ७.० मध्येच काढून टाकली, हे तुम्हाला पांढऱ्याफटक पानावरून कळेलच. एरर लॉग मात्र उघडू नका. त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर आयता लिहिलेला असतो, मग शोधण्यात गंमत ती काय?

खरी करामत अपाचेच्या, म्हणजे पानं पुरवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, कॉन्फिगमध्ये आहे. पूर्वी पीएचपीच्या मॉड्यूलच्या नावात ५ किंवा ७ असा आकडा असे, ८ मध्ये तो गेला. तुमच्या सगळ्या सेटिंग्ज 'हे मॉड्यूल असेल तर' अशा अटीखाली, जुन्या नावाने लिहिलेल्या आहेत ना? त्यांना हात लावू नका. अपाचे त्या मुकाट्याने ओलांडून जाईल, कॉन्फिग तपासणारी कॉन्फिगटेस्ट कमांड 'सिंटॅक्स ओके' म्हणेल आणि अपलोडची मर्यादा पुन्हा २ एमबीवर येईल. मग पीएचपी डॉट आयएनआय या पीएचपीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ती वाढवा. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर ही फाइल कमांड लाइनसाठी वेगळी आणि अपाचेसाठी वेगळी असते. तुम्ही अर्थात कमांड लाइनवाली बदलायची. रीस्टार्टची गरज नाही.

'तुमचं मॉड्यूल थ्रेडसेफ नाही' (म्हणजे एका वेळी अनेक थ्रेडमध्ये चालवायला सुरक्षित नाही) असं सांगून अपाचे सुरूच झालं नाही, तर ते शब्दशः घ्या आणि पीएचपी सोर्समधून कंपाइल करायला बसा. प्रीफोर्कवर, म्हणजे अपाचेच्या थ्रेड न वापरणाऱ्या पद्धतीवर, जाणं किंवा पीएचपी अपाचेबाहेर वेगळं चालवणारं एफपीएम वापरणं या पळवाटा. (एफपीएममध्ये अपाचेला पीएचपीचं मॉड्यूलच लागत नाही. एवढं सोपं असेल तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच.)

आता मदत मागा. 'अर्जंट! पीएचपी चालत नाही' एवढं पुरे. ऑपरेटिंग सिस्टीम, आवृत्ती वगैरे तपशील समोरच्याने अंतर्ज्ञानाने ओळखावेत. एरर विचारली तर 'काहीतरी लाल आलं होतं' म्हणा, फारच मागे लागला तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवा, उजवीकडचा अर्धा भाग कापून. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल मात्र पूर्ण पाठवावी, काही लपवल्यासारखं वाटू नये. 'काय बदललंत?' या प्रश्नाला एकच उत्तर: काहीच नाही. तो बिचारा उत्तर टाइप करत असताना तुम्ही सगळ्या फोल्डरना ७७७, म्हणजे कुणीही काहीही करावं अशी, परवानगी देऊन टाका, म्हणजे त्याचं निदान पोचेपर्यंत रोगी बदललेला असेल.

तरीही त्याने एरर लॉगच्या शेवटच्या दहा ओळी मागितल्याच, तर 'त्यापेक्षा सर्व्हर फॉरमॅट करून बघू का?' असं विचारा आणि उत्तराची वाट न बघता सुरू करा.