मोकळ्या जागा सोडाव्यात, अवतरणचिन्हे वाचवावीत

संगणकावरच्या फोल्डरला नाव देताना कोकणी माणसाने हात आखडता घेऊ नये. आंब्याचा हंगाम सुरू झाला, की ‘हापूस पेट्या वाशी मार्केट अंतिम नवीन’ असे ऐसपैस नाव ठेवावे आणि दर दोन शब्दांमध्ये ऐटीत स्पेस सोडावी. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात नावाला आठ आणि त्यापुढच्या शेपटीला तीन अक्षरे मोजून मिळत. १९९५ च्या विंडोजने लांबलचक नावांची आणि त्यातल्या मोकळ्या जागांची सूट दिली. मिळालेली सूट वापरली नाही, तर ती वाया जाते.

मात्र त्या फोल्डरचा पाथ, म्हणजे संगणकातला पूर्ण पत्ता, कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याच्या, काळ्या खिडकीत लिहिताना त्याच्या दोन्ही अंगांना डबल कोट देण्याचा क्षुद्रपणा मुळीच करू नये. आपण जिला नावातली फट समजतो, तिला ही खिडकी दोन जमिनींमधला बांध समजते: बांधाच्या अलीकडचा तुकडा म्हणजे चालवायचा प्रोग्राम, आणि पलीकडचे सगळे म्हणजे त्या प्रोग्रामच्या हाती द्यायचे सामान. बांधावरून चुलतभावांशी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडणाऱ्यांना एवढ्याशा गोष्टीसाठी दोन चिन्हे खर्च करणे शोभत नाही.

कोकण रेल्वेच्या प्रवाशाला तर हा प्रकार चटकन उमगावा. ‘राजापूर रोड’ हे एका स्टेशनाचे सबंध नाव आहे, आणि राजापूर शहर तिथून बरेच लांब आहे, हे पहाटे बॅगा घेऊन उतरलेल्या चाकरमान्याला रिक्षावाला भाडे सांगूनच समजावतो. संगणकाला कोट न देता ‘राजापूर रोड’ म्हणून पाहावे. तो ‘राजापूर’ एवढेच ऐकेल आणि ‘रोड’ ही राजापुरात कोणाला तरी पोहोचवायची पिशवी आहे असे धरून चालेल. ‘सी:\प्रोग्राम फाइल्स’मधला एखादा प्रोग्राम सुरू करायला गेलो, की ‘सी:\प्रोग्राम’ नावाचे काहीच ओळखीचे नाही असे उत्तर येते ते याचमुळे. उत्तर पुरते वाचू नये. कंप्युटर बिघडला असे जाहीर करावे आणि भाचा गणपतीला मुंबईहून येईपर्यंत वाट पाहावी.

ओळखीचे नाही, हे उत्तर तरी पुष्कळ बरे. पडद्याआड चालणाऱ्या एखाद्या सर्व्हिसचा पाथ कोटांशिवाय नोंदवला गेला असेल, तर विंडोज पहिल्या फटीपाशी थबकून आधी ‘सी:\प्रोग्राम.ईएक्सई’ नावाची फाइल आहे का ते पाहते, आणि ती नसेल तरच पुढच्या फटीकडे सरकते. कोणा भामट्याला त्या जागी याच नावाची फाइल ठेवता आली, तर खऱ्या प्रोग्रामऐवजी तीच चालते, तीही सर्व्हिसला असलेल्या सगळ्या अधिकारांसह. दारी आलेल्याला नाव विचारण्यापूर्वी पाणी आणि गूळ देणाऱ्या घरात याचे नवल का वाटावे?

तरीही कोट देण्याचा हट्टच असेल, तर ती आज्ञा वर्डमध्ये सुबक टाइप करून तिथून उचलावी. वर्ड सरळ कोटांना आपोआप वळणदार करते आणि कमांड प्रॉम्प्ट असल्या दागिन्यांना कोट मानत नाही. किंवा ‘स्टार्ट’ या आज्ञेपुढे कोटातला पाथ द्यावा. कोटातला पहिला मजकूर तिला नव्या खिडकीचा मथळा वाटत असल्यामुळे प्रोग्राम उघडण्याऐवजी आणखी एक काळी खिडकी उघडते, जिच्या माथ्यावर आपला पाथ झळकत असतो. पाथच्या आधी कोटांची एक रिकामी जोडी दिली की काम होते, पण मग मथळा जातो.

मी स्वतः हे पथ्य कडकपणे पाळले आहे. देवगडच्या आमच्या बागेच्या हिशेबाचे दोन फोल्डर होते: ‘डी:\आंबा’ यात चालू हंगाम आणि ‘डी:\आंबा जुना’ यात गेल्या वर्षीचा. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा जुना हिशेब काढून टाकण्यासाठी मी ‘डेल /क्यू डी:\आंबा जुना’ अशी आज्ञा दिली. क्यू अशासाठी, की फोल्डरमधल्या सगळ्या फायली पुसण्यापूर्वी ‘नक्की ना?’ असे विचारण्याची संगणकाची खोड त्याने बंद होते, आणि मे महिन्याच्या घामात कोणाच्या शंका निरसत बसायला मला सवड नव्हती. पहिला तुकडा ‘डी:\आंबा’ होता. त्यातल्या फायली निमूटपणे पुसल्या गेल्या, आणि डेलने पुसलेले रिसायकल बिनमध्येही जात नाही. दुसरा तुकडा ‘जुना’ होता. तो सापडत नाही, असे संगणकाने प्रामाणिकपणे कळवले. सापडत नाही म्हणजे गेला, असा अर्थ लावून मी समाधानाने पंख्याखाली आडवा झालो.

संध्याकाळी काकांनी वाशीला गेलेल्या पेट्यांची यादी मागितली. मी त्यांना गेल्या वर्षीची काढून दिली. ती अगदी जशीच्या तशी शाबूत होती.