एका पोळीने काय होतंय!

एका पोळीने काय होतंय, एका मोदकाने काय होतंय, अगं घासभर तरी भात घे. चार महिने झाले हेच ऐकतेय आणि आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसले. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, 6.2 आलं, डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण उंबऱ्यापर्यंत आलाय, कार्ब्स कमी करा. मी काय घरदार सोडून हिमालयात नाही निघाले, पोळी भात साखर कमी केलीये एवढंच, पण आमच्याकडे ताटात पोळी नसेल तर ते जेवणच नाही. भाजी, दही, दोन अंडी, कोशिंबीर एवढं सगळं खाऊन उठले तरी सासूबाई शेजारच्या काकूंना सांगणार, "आमची सून काही जेवतच नाही हो."

आणि त्या नेटवरच्या टिप्स! "मोहात पाडणाऱ्या वस्तू घरात ठेवू नका." अरे बाबा कुठे ठेवू? कणकेचा डबा माळ्यावर टाकू? रोज पहाटे साडेपाचला उठून चौदा पोळ्या मीच लाटते, पहिली फुगली की तो वास, बाजूला तुपाची बरणी, आणि तिथे उभी राहून मी खायची काकडी. हे लिहिणाऱ्याने एक दिवस डोंबिवलीला येऊन आमच्या ओट्याशी उभं राहून दाखवावं. वर झुकिनीचे नूडल्स करा, अ‍ॅव्होकाडो खा, बदामाच्या पिठाची पोळी करा. बदामाचा भाव बघितलाय का? फ्लॉवर किसून भात पण करून बघितला एकदा, पोरगा ताटाकडे बघून म्हणाला "आई, भाताला काय झालंय?" आणि घरभर दोन दिवस फ्लॉवरचा वास.

बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना वाटतं मी दीक्षित डाएट करतेय. अहो दीक्षित म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं आणि 55 मिनिटांत संपवायचं, ते वेगळं, हे वेगळं, सांगून सांगून तोंड दुखलं. मग एक जण म्हणते ज्वारीची भाकरी खा, ती लो-कार्ब असते. नसते! भाकरी चांगलीच आहे, फायबर असतं, पण शंभर ग्रॅम पिठात पासष्ट-सत्तर ग्रॅम कार्ब्स असतातच, त्यामुळे पोळीऐवजी तीन भाकऱ्या हाणल्या तर गणित तिथेच. गूळ तर म्हणे चालतोच. का, उसातून आला म्हणून? साखर कुठून येते मग?

उपवास हा तर वेगळाच विनोद. आषाढीला सगळ्यांचं एकमत, आज तर तुझी चैनच, पोळीभात नाहीच. आणि समोर काय, साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च, प्रोटीन जवळपास शून्य, एक वाटी कोरडा साबुदाणा पोटात गेला की माझा दिवसभराचा हिशोब तिथेच संपला. एकादशी अन् दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत.

नवरा वेगळाच. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलं तेव्हा मला म्हणाला वा वा, मग एका लग्नात जिलबी-मठ्ठा झाला आणि सकाळी काटा दीड किलो वर, तर म्हणे "बघ, काही उपयोग नाही याचा." एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नाही रे! शरीर साखरेचा साठा करतं तो पाणी धरून ठेवतो, एक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी. पहिल्यांदा उतरलं त्यातही बरंचसं पाणीच होतं, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नाही म्हणून मीही त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले, तो भाग वेगळा.

बरं, जे टिकलं ते सांगते, कारण चिडून चिडून तरी किती चिडायचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी कार्ब पण काढले आणि घाबरून तेलतूपही काढलं, मग दुपारी चारला हात थरथरायचे आणि अख्खा बिस्किटाचा पुडा फस्त. तोही "हेल्दी" वाला, मागे वाचलं तर यादीत पहिलं नाव मैदा, आणि जे वजनाने सगळ्यात जास्त तेच पहिलं लिहावं लागतं, म्हणजे बघा. आता भाजीला व्यवस्थित फोडणी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, सगळं घालते. वेगळा स्वयंपाक अजिबात करायचा नाही, तो आठ दिवस पण टिकत नाही. घरातलीच दोडक्याची, मेथीची, दुधीची भाजी दुप्पट टाकायची आणि ताट उलटं करायचं, भाजी पोळीएवढी आणि पोळी लोणच्याएवढी. वांग्याचं भरीत आणि दही असेल तर मला पोळी आठवत पण नाही, खरंच. बांगडा रव्याशिवाय नुसता मसाला लावून तळला तरी बांगडाच लागतो, सोबत सोलकढी. सुरुवातीला डोकं ठणकायचं, ते मीठ-पाणी कमी पडल्याने, मीठ घातलेल्या ताकाने गेलं. पण बीपी असेल किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा, असलं डाएट मनाने सुरू करू नका, शुगर धाडकन खाली जाते. आणि पर्समध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची डबी. लोकलच्या लेडीज डब्यात दर दोन दिवसांनी कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि इडली नाहीतर केक फिरतो, भुकेल्या पोटी नाही म्हणता येत नाही हो, भरल्या पोटी येतं.

एवढं सगळं जमवलं आणि आज वरच्या मजल्यावर सत्यनारायण. रवा, साखर, तूप सगळं सव्वा-सव्वा, मस्त केशरी शिरा. मी चमचाभर हातावर घेतला, नमस्कार केला, तोंडात टाकला, खाली आले. दहा मिनिटांत सासूबाई वाटी भरून घेऊन हजर. "आई, मी घेतला प्रसाद." तर म्हणतात, "अगं चमचाभर काय, प्रसादाला कार्ब नसतात."

कार्ब हा शब्द त्यांना माझ्यामुळेच कळलाय, आणि तो असा वापरला.

वाटी फ्रीजमध्ये ठेवलीये झाकून, "रात्री खा, भूक लागेल." काचेच्या झाकणातून केळ्याची चकती दिसतेय. साडेदहा वाजलेत, कुणीतरी संपवा रे ती.