खुलासा: तापमान दाखवणारा प्रत्येक ड्रायव्हर ‘एचडब्ल्यूमॉन’मध्येच नसतो

यवतमाळकडच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर फिरतंय की, लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तापमान दाखवणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा कोड, ‘एचडब्ल्यूमॉन’ (हार्डवेअरवर लक्ष ठेवणारा कर्नलचा भाग) याच्या फोल्डरमध्येच असावा लागतो. हे चूक आहे. एनव्हीएमई डिस्कचा (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) तो कोड 5.5 आवृत्तीपासून एनव्हीएमईच्याच फोल्डरमध्ये आहे. साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्कचा तापमानाचा ड्रायव्हर ‘ड्राइव्हटेम्प’ मात्र 5.6 पासून एचडब्ल्यूमॉनमध्ये. नोंदणी दोघांचीही एचडब्ल्यूमॉनकडेच, म्हणून आकडा एकाच रीतीनं मिळतो: अंशाच्या हजाराव्या भागात, 45 अंश म्हणजे 45000.

आणि मे महिन्यात वावरातली हवा मोजायचा सेन्सर? तो साधारणपणे आयआयओकडे (कर्नलमधला सेन्सरांचा वेगळा भाग) शोभतो. एचडब्ल्यूमॉन आहे मशीनच्या स्वतःच्या तब्येतीसाठी. पोरांनो, पॅच (कोडमधला बदल) कर्नलवाल्यांकडे पाठवण्याआधी हा फरक नक्की बघा, नाहीतर पॅच परत येतो नि मेहनत वाया जाते.