इंजेक्शनची भीती: ‘एक आजोबा’ यांना उत्तर

आजोबा, नमस्कार. लहान मुलांच्या संधिवातावरच्या इंजेक्शनांबद्दल मी लिहिलं, त्यावर ‘कंपनीची जाहिरात करताय, या इंजेक्शनांनी टीबी आणि कॅन्सर होतो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, नात मोठी झाली की संधिवात आपोआप जाईल,’ असं तुम्ही लिहिलंत. जाहिरातीचं म्हणाल तर आमच्याकडेही औषध पैसे मोजूनच येतं.

टीबीची तुमची भीती अगदी रास्त. आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात टीबीचे जंतू निपचित पडलेले असतात. त्यांना कोंडून ठेवायला टीएनएफ नावाचं प्रथिन लागतं आणि इटॅनरसेप्ट, अ‍ॅडॅलिम्युमॅब ही संधिवातावरची इंजेक्शनं नेमकं त्यालाच अडवतात. म्हणून आधी छुपा टीबी शोधणारी मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आणि छातीचा एक्स-रे. छुपा टीबी निघाला तर पहिल्यांदा त्यावर उपचार. तपासणी न करताच कुणी इंजेक्शन लिहून दिलं तर खुशाल भांडा.

कॅन्सरचं एवढं सरळ नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये कॅन्सर झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी पाहून या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, हे खरं. पण त्यातली बहुतेक मुलं प्रतिकारशक्ती दाबणारी इतरही औषधं घेत होती. पुढे २०१२ मध्ये तिथल्याच मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यात टीएनएफविरोधी औषध न घेतलेल्या संधिवाताच्या मुलांतही कॅन्सरचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळलं. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. सगळं खापर इंजेक्शनवर मात्र फोडता येत नाही.

‘आपोआप जाईल’ याचीच मला जास्त धास्ती वाटते. काहींचा जातो. पण तोवर? माझी लेक सकाळी जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरायची. लहान वयात गुडघा बराच काळ सुजलेला राहिला की तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो. जबड्याचा सांधा धरला तर हनुवटी मागे राहते. आणि डोळे! या संधिवातात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते; ती ना दुखते, ना डोळा लाल होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्प या भिंगाच्या यंत्राखाली बघितल्याशिवाय कळतच नाही. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या नेहमीच्या औषधाने ती आटोक्यात आली नाही तर अ‍ॅडॅलिम्युमॅब देतात. इटॅनरसेप्टचा तिथे फारसा उपयोग नाही. नातीचे डोळे तपासलेत का?

चोचल्यांचा टोमणा मात्र झोंबला, कारण त्यात तथ्य आहे. झायडस या भारतीय औषध कंपनीने २०१४ च्या डिसेंबरात अ‍ॅडॅलिम्युमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच पण दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, आणलं, किंमत बरीच उतरली, तरी साध्या पगाराच्या घराला ते जडच. सूज उतरली की लोक मनानेच डोस बंद करतात आणि दुखणं पुन्हा उफाळतं.

तुम्ही हो म्हणा किंवा नाही, लसीकरणाचं कार्ड आत्ताच काढून ठेवा. गोवर-कांजिण्यांची लस राहिली असेल तर पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनं सुरू झाल्यावर अशा जिवंत लशी सहसा देत नाहीत.