काळा पाषाण भूकंप अडवत नाही

पालघरकडे जमीन हलली की आमच्या दादरच्या सोसायटीत एक मेसेज हमखास फिरतो: ‘घाबरू नका. मुंबई काळ्या पाषाणावर आहे, त्यात भ्रंश नसतात. 1967 चा कोयनेचा भूकंप फक्त धरणामुळे झाला.’ या वेळी तो मावशीनेही पाठवला, म्हणून लिहायला बसलो. (भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकतात.)

धरणाचं आधी बोलू. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, मुंबईची वीज गेली. गिरगावच्या चाळीत मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटत होते, असं आजी सांगायची. कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय भरण्याचा या भूकंपाशी संबंध आहे, हे खरंच आहे. पण खाली ताण साठलेला भ्रंश आधीपासून लागतो. झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने त्याच्या दोन्ही बाजूंची पकड सैल होते आणि तो सरकतो. भ्रंशच नसता तर नुसत्या पाण्याने एवढा हादरा बसला नसता.

आता पाषाण. हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, ही वर पसरलेली गोधडी आहे. कोयनेजवळ गोठणे इथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तर सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. गोधडी न उचलताच खाट रिकामी आहे, असं कसं म्हणायचं?

किल्लारीला हेच झालं. नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे चारच्या आधीच ढिगाऱ्याखाली गेली. नंतर तिथे छिद्र घेतलं तेव्हा 338 मीटर बेसॉल्ट लागला, आणि त्याचेच थर खोलवर सुमारे 6 मीटरनी सरकलेले सापडले. त्या एका पहाटेत एवढं सरकणं शक्य नव्हतं. म्हणजे तो भ्रंश आधीही अनेकदा हलला होता, आणि वर शेती करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. मला हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आणि मुंबई तरी सगळी पाषाणावर कुठे आहे? सात बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर जोडलं. भरावाची, चिखलाची जमीन कातळापेक्षा जास्त हलते.

मावशी, 2001 मध्ये भुजपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकींना तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते. आपल्याही इमारतीला तसेच खांब आहेत, आणि त्यांतल्या दोन खांबांना तडे आहेत. येत्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय मी मांडतोय, तू अनुमोदन दे.