परत येण्याचा पुरावा

युरोपला जायचं तर आधी परत यायची तयारी करावी लागते. तिथे जाऊन तुम्ही काय बघणार, याचं शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, कागदांना फारसं कौतुक नाही. निघणार कधी ते सांगा. पासपोर्टसुद्धा तिथून निघाल्यावर निदान तीन महिने चालणारा हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला, आणि त्यात दोन पानं कोरी.

"मासी, तमे पाछा आवशो एनुं प्रूफ आपो," वडोदऱ्याच्या अलकापुरीतला व्हिसा एजंट म्हणाला.

आता काय सांगावं! दुपारी एकला पानावर बसायला मिळालं नाही तर आमच्या ह्यांचं डोकं चढतं. हा माणूस पॅरिसात लपूनछपून राहणार? पण वरण-भाताचं सर्टिफिकेट कुठल्याच वकिलातीत चालत नाही. त्यांना बँकेची स्टेटमेंटं हवीत, आयकराची रिटर्नं हवीत, पेन्शनचा कागद हवा. "मुदत ठेव मोडून खात्यात टाकू का?" ह्यांनी विचारलं. तर म्हणे अजिबात नको, अचानक पैसे आले की संशय येतो. म्हणजे पैसे हवेत, पण ते जुने होऊन मुरलेले हवेत.

घराचे कागद मागितले तेव्हा ह्यांची कळी खुलली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवरून चुलत दिरांशी दावा चालू आहे. "याहून मोठा पुरावा काय? निकाल लागेपर्यंत मी वडोदरा सोडेन का?" एजंटाने हात जोडले. "काका, कोर्टनुं नाम ज ना लेता."

मग विमा. निदान 30,000 युरोंचा, आणि त्यात आजारपणाबरोबर मृत्यूचाही विचार केलेला. म्हणजे जिवंत परतलो नाही, तरी परत यायची सोय झालेलीच असते. इतकी काळजी आमच्या सुनेनेही कधी केली नाही.

फोटोची कथा वेगळीच. मांडवीजवळचा आमचा फोटोवाला आयुष्यभर लग्नाचे फोटो काढत आलेला. समोर माणूस बसला की तो "जरा हसा" म्हणणारच. इथे हसायचं नाही, दात दाखवायचे नाहीत, चष्म्यावर चमक नको, मागे फिकट पडदा, आणि 35 बाय 45 मिलिमीटरमध्ये चेहराच चेहरा. त्याने सवयीने माझ्या सुरकुत्या पुसून दिल्या. एजंटाने फोटो पट्टीने मोजला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि "फरीथी" म्हणाला. सुरकुत्या परत आणाव्या लागल्या.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. जिथे मुक्काम जास्त तिकडे. सारखाच असेल तर जिथे आधी उतराल तिकडे. ह्यांना आल्प्स हवा, मला पॅरिस. शेवटी एक रात्र मी ओढून घेतली आणि फाइल फ्रान्सकडे गेली.

आमच्या सयाजीराव महाराजांनाही हे चुकलं नव्हतं. 1887 पासून त्यांच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या, तर 1900 मध्ये लॉर्ड कर्झनने फर्मान काढलं की संस्थानिकांनी सरकारला विचारल्याशिवाय परदेशी जायचं नाही. राजाची ही गत, तिथे पेन्शनरचं काय! ह्यांनी हा सगळा इतिहास एजंटाला ऐकवला. त्याने शांतपणे व्हिसाची फी सांगितली: माणशी 90 युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. माणसं परत यायला हवीत, पैसे नव्हे.

अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे दिले. व्हिसा आला. मग मी डबे भरायला घेतले, तर मुलगा फोनवर ओरडला, दूध-तुपाचं काही नेऊ नकोस, युरोपात चालत नाही. श्रीखंड शेजारी गेलं. लीला, म्हणजे आमचा वडोदऱ्याचा हिरवा, चिवडा मात्र बॅगेत बसला.

पॅरिसच्या विमानतळावर काचेआडच्या अधिकाऱ्याने परतीचं तिकीट मागितलं. मी फाइल उघडून तिकीट शोधतेय, तेवढ्यात ह्यांना राहवलं नाही. तिकिटापेक्षा भक्कम पुरावा आपल्याकडे आहे म्हणून हे इंग्रजीत म्हणाले, काळजी नको, पुढच्या महिन्यात माझी कोर्टात तारीख आहे.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मागे लांबच लांब रांग, आणि एका फ्रेंच माणसाला मी चुलत दिरांची गच्ची समजावून सांगतेय.